सीरममध्ये न दिसणारे सायटोक्रोम सी : एका मोजणीचा प्रकरण अभ्यास

पार्श्वभूमी

हे प्रकरण पेशीमृत्यूचा अभ्यास करणाऱ्या एका प्रयोगशाळेतील आहे. ओळख पटेल असे सर्व तपशील वगळले आहेत. निर्णय कसे घेतले गेले याचा क्रम मात्र जसाच्या तसा ठेवला आहे. काम करणाऱ्या गटात प्रयोगशाळाप्रमुख, एक संशोधक विद्यार्थिनी, एक अनुभवी तंत्रज्ञ आणि प्रथिनांच्या शुद्धीकरणात मुरलेले एक सहकारी असे चौघे होते.

गटाला मोजायचे होते ते सायटोक्रोम सी. १०४ अमिनो आम्लांचे, सुमारे १२ किलोडाल्टन वजनाचे हे लहानसे प्रथिन एरवी मायटोकॉन्ड्रियाच्या दोन पटलांमधल्या जागेत इलेक्ट्रॉन वाहून नेण्याचे काम करते. पेशी नियोजित मृत्यूच्या वाटेला लागली की ते पेशीद्रवात उतरते, तेथे अ‍ॅपाफ-१ या प्रथिनाला जोडले जाते आणि त्यातून कॅस्पेज विकरांची साखळी सुरू होते. कॅस्पेज जागे होण्यासाठी सायटोक्रोम सी लागते हे १९९६ मध्ये दाखवले गेले, आणि तेव्हापासून हे प्रथिन पेशीमृत्यूची खूण म्हणून वापरले जाऊ लागले. मरणाऱ्या पेशींतून ते बाहेरच्या द्रवातही येते, त्यामुळे सीरममधील त्याचे प्रमाण मोजून शरीरात किती पेशी मरत आहेत याचा अंदाज बांधता येईल, अशी अपेक्षा ठेवणे स्वाभाविक होते. गटाची योजनाही तीच होती : आधी संवर्धनातल्या मानवी लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवर पद्धत बसवायची आणि मग साठवलेल्या रुग्ण-नमुन्यांकडे वळायचे.

मोजणीसाठी सँडविच एलायझा निवडली होती. तिच्यात एक प्रतिपिंड प्लेटच्या तळाशी बसवलेले असते, ते सायटोक्रोम सी पकडते आणि दुसरे, विकर जोडलेले प्रतिपिंड त्याच रेणूच्या वेगळ्या जागी बसून रंग देते. म्हणजे रंग उमटायचा असेल तर रेणूवरच्या दोन्ही जागा मोकळ्या असाव्या लागतात. हे पुढे महत्त्वाचे ठरले.

समस्या

बफरमध्ये तयार केलेल्या प्रमाण द्रावणांची रेषा निर्दोष येत होती. तीच द्रावणे गर्भस्थ वासराचे सीरम दहा टक्के असलेल्या संवर्धन माध्यमात केली की रंग फिका पडे, आणि मानवी सीरममध्ये ठरावीक मात्रा मिसळली तर ती जवळजवळ दिसेनाशीच होई.

सुरुवातीला संशय हातकामावर घेतला गेला. पिपेटा तपासल्या, नवी प्रमाण द्रावणे केली, प्लेट बदलली. घट तेवढीच राहिली. मग विद्यार्थिनीने मानवी सीरम आधी हजारपट पातळ केले, त्यात सायटोक्रोम सी मिसळले आणि मोजले, तेव्हा मिसळलेली जवळजवळ सगळी मात्रा परत मिळाली. नमुने हजारपट पातळ करून मोजावेत आणि पुढे जावे, असे त्या आठवड्याच्या बैठकीत जवळपास ठरलेच होते.

तंत्रज्ञांनी हरकत घेतली ती क्रमावर. रुग्णाच्या शरीरात सायटोक्रोम सी पातळ न केलेल्या सीरमलाच भेटते. प्रयोगातही मिसळणे आधी आणि पातळ करणे नंतर, असा क्रम हवा, असे त्यांचे म्हणणे होते. क्रम उलटा केल्यावर हजारपट पातळ करूनही मात्रा परत मिळेना. सीरममधल्या कशालातरी सायटोक्रोम सी आधीच घट्ट धरले होते आणि ती जोडी नुसती पातळ केल्याने, निदान एलायझाच्या काही तासांत तरी, सुटत नव्हती. माझ्या मते संपूर्ण प्रकरणातला हा पहिला खरा निर्णयबिंदू होता, कारण येथे चुकीच्या क्रमाने मिळालेला सुबक आकडा स्वीकारला गेला असता तर पुढची सगळी रुग्ण-मोजणी सपशेल खोटी ठरली असती आणि तिचा खोटेपणा कोणाच्या लक्षातही आला नसता.

विचारात घेतलेली कारणे

चार शक्यता फळ्यावर मांडल्या गेल्या. पहिली, सीरममधले प्रथिनभंजक विकर सायटोक्रोम सीचे तुकडे करत असावेत. दुसरी, हे प्रथिन अतिशय आम्लारिधर्मी असल्यामुळे ते नळ्यांच्या प्लास्टिकला किंवा ऋणभारित प्रथिनांना चिकटून जात असावे. तिसरी, सीरममधली माणसाचीच प्रतिपिंडे चाचणीतल्या प्रतिपिंडांना आडवी येत असावीत. चौथी, सायटोक्रोम सीला ओळखून धरणारे एखादे विशिष्ट प्रथिन सीरममध्ये असावे.

पहिली शक्यता लवकर बाद झाली. घट मिसळल्याबरोबर दिसत होती, वेळ गेला तरी वाढत नव्हती आणि प्रथिनभंजकांना रोखणारी रसायने घातली तरी कमी होत नव्हती. तिसरीला आधार कमी होता, कारण अशी आडवी येणारी प्रतिपिंडे बहुधा दोन्ही प्रतिपिंडांना परस्पर जोडून खोटा रंग वाढवतात. दुसरी आणि चौथी यांच्यात निवड करणे अवघड होते.

निकाल लावला तो वेस्टर्न ब्लॉटने, म्हणजे प्रथिने जेलवर आकारानुसार वेगळी करून मग प्रतिपिंडाने ओळखण्याच्या पद्धतीने. एलायझात जवळपास शून्य दाखवणारा नमुना एसडीएस हे अपमार्जक घालून उकळला आणि जेलवर चालवला, तेव्हा सायटोक्रोम सीचा पट्टा आपल्या जागी, अपेक्षेइतका ठळक दिसला. एसडीएस प्रथिनांची घडी मोडते आणि जोड्या सोडवते. म्हणजे रेणू नमुन्यात पूर्ण शाबूत होता, प्लास्टिकला चिकटून गेलेला नव्हता. त्याच्यावर काहीतरी बसले असल्यामुळे प्रतिपिंडाला त्याची जागा सापडत नव्हती एवढेच.

पुढे काय करायचे : तीन वाटा

पहिली वाट, सीरम टाळण्याची. पेशी ठरावीक काळ सीरमविरहित माध्यमात ठेवून तो द्रव मोजायचा. संवर्धनापुरते हे जमण्यासारखे होते, पण सीरम काढून घेणे हाच पेशींवर ताण असतो आणि त्यानेही पेशी मरतात; शिवाय रुग्णाच्या नमुन्यातून सीरम वजा करता येत नाही.

दुसरी वाट, प्रतिपिंडांची जोडी बदलण्याची. १२ किलोडाल्टनच्या रेणूवर पृष्ठभाग आधीच थोडा असतो. त्यावर एखादा मोठा पाहुणा बसला असेल, तर दोन प्रतिपिंडांना पुरेल इतकी मोकळी जागा उरण्याची शक्यता कमीच होती. तरीही दोन जोड्या तपासल्या गेल्या. फरक पडला, पण थोडाच.

तिसरी वाट, धरणारे प्रथिन शोधून काढण्याची. प्रयोगशाळाप्रमुख या वाटेला राजी नव्हते आणि त्यांचे म्हणणे रास्त होते : मूळ प्रश्न पेशीमृत्यूचा आहे, सीरममधल्या प्रथिनांचा नाही, आणि यात महिने जातील. शुद्धीकरणात मुरलेल्या सहकाऱ्यांनी उलट बाजू मांडली. धरणारे प्रथिन कोणते हे कळल्याशिवाय ते वेगवेगळ्या माणसांत किती असते हे कळणार नाही; आणि ते आजारात कमीजास्त होत असेल, तर सायटोक्रोम सीच्या आकड्यातला फरक सायटोक्रोमचा की त्याला धरणाऱ्याचा, हे कधीच सांगता येणार नाही. या मुद्द्याला उत्तर नव्हते. मर्यादित मुदत घालून तिसरी वाट धरायचे ठरले.

केलेले काम

सायटोक्रोम सी अ‍ॅगॅरोजच्या मण्यांवर पक्के बांधून त्यांचा एक छोटा कॉलम तयार केला गेला. हीम या लोहयुक्त घटकामुळे हे प्रथिन स्वतःच लाल असते, त्यामुळे मणी गडद लाल दिसत आणि बांधणी टिकली आहे की नाही हे नजरेलाच कळे. शेजारी तसाच दुसरा कॉलम लायसोझाइमचा केला, तो रंगहीन. लायसोझाइम निवडण्याचे कारण असे की तेही लहान, सुमारे १४ किलोडाल्टनचे आणि सायटोक्रोम सीइतकेच किंवा किंचित अधिक आम्लारिधर्मी आहे. केवळ धनभारामुळे चिकटणारे जे काही असेल ते दोन्ही कॉलमांवर सारखेच चिकटेल.

ही तुलना नसती तर निष्कर्ष फसला असता. सीरमच्या दर मिलिलिटरमध्ये अल्ब्युमिनच ३५ ते ५० मिलिग्रॅम असते आणि ते ऋणभारित असल्यामुळे दोन्ही कॉलमांवर सुरुवातीला भरपूर अडकले. तीव्र मिठाच्या बफरने दोन्ही कॉलम बराच वेळ धुतल्यावर ते निघून गेले. त्यानंतर आम्लधर्मी ग्लायसिन बफर सोडला, तेव्हा लायसोझाइमच्या कॉलममधून जवळपास काही आले नाही आणि सायटोक्रोमच्या कॉलममधून ५० किलोडाल्टनच्या आसपास एकच रुंद, कडा विसविशीत असलेला पट्टा आला. असा पट्टा दिसला की शर्करा जोडलेले प्रथिन असावे असे अनुभवी नजर ओळखते. शर्करा कापणारे विकर वापरल्यावर पट्टा खाली सरकला. तुकड्यांच्या वजनावरून प्रथिन ओळखणाऱ्या वस्तुमान वर्णपटाने नाव दिले : ल्यूसिन-समृद्ध अल्फा-२ ग्लायकोप्रोटीन, म्हणजेच एलआरजी.

हे प्रथिन नवे नाही. मानवी सीरममधून ते १९७७ मध्ये वेगळे काढले गेले आणि १९८५ मध्ये त्याची अमिनो आम्लांची मालिका प्रसिद्ध झाली : ३१२ अमिनो आम्ले आणि त्यांत २४-२४ च्या गटांनी आठ वेळा येणारी, ल्यूसिनने भरलेली पुनरावृत्ती. अशा पुनरावृत्तींची प्रथिने घोड्याच्या नालासारखी वाकतात आणि त्या बाकाची आतली बाजू दुसऱ्या प्रथिनाला धरण्यासाठी सोयीची असते. सीरममधले एलआरजी सायटोक्रोम सीला बांधते आणि त्यामुळे एलायझातले प्रतिपिंड फसते, हे २००६ मध्ये प्रसिद्धही झाले होते. गटाला आपल्याच प्लेटवर तीच गोष्ट पुन्हा भेटली होती.

नाव मिळाले म्हणजे कारण सिद्ध झाले असे होत नाही, म्हणून दोन उलटतपासण्या केल्या गेल्या. सायटोक्रोमच्या कॉलममधून गाळून निघालेल्या सीरममध्ये पुन्हा ठरावीक मात्रा मिसळली. ती आता नीट मोजली गेली. येथे विद्यार्थिनीने एक दक्षता घेतली जी सहज विसरली जाते. कॉलममधूनच थोडे सायटोक्रोम सुटून गाळलेल्या सीरममध्ये आले असते तर मोजणी खोटीच सुधारली असती, म्हणून काहीही न मिसळलेले गाळीव सीरमही तिने सोबत मोजले आणि ते कोरे असल्याची खात्री केली. दुसऱ्या तपासणीत शुद्ध केलेले एलआरजी त्या गाळीव सीरममध्ये परत घातले, आणि रंग पुन्हा मावळला.

क्रमाचे कोडेही आता आकड्यांत बसले. निरोगी सीरममध्ये मिलिलिटरमागे ३० मायक्रोग्रॅम एलआरजी धरले, तर ते लिटरमागे सुमारे ०.६ मायक्रोमोल होते. मिसळलेले सायटोक्रोम मिलिलिटरमागे २० नॅनोग्रॅम असेल तर ते लिटरमागे १.७ नॅनोमोलच्या जवळपास. म्हणजे धरणारे रेणू साडेतीनशेपट. सीरम आधीच हजारपट पातळ केले तर धरणारेच कमी पडतात, त्यामुळे त्या प्रयोगात मात्रा परत मिळाली होती.

सापाच्या सीरमकडे वळण

एलआरजीची मालिका इतर ज्ञात प्रथिनांशी ताडून पाहताना एक अनपेक्षित नातलग समोर आले : सापाच्या सीरममधले फॉस्फोलायपेज ए-२ रोधक, बीटा प्रकारचे.

विषारी सापाला स्वतःच्या विषापासून संरक्षण असते ही गोष्ट अठराव्या शतकात फेलिचे फोंताना यांनी व्हायपरांवर प्रयोग करून नोंदवली होती. आज त्यामागची काही प्रथिने ठाऊक आहेत. फॉस्फोलायपेज ए-२ हे सर्पविषातले एक मोठे विकरकुल, आणि त्याला जखडून ठेवणारी तीन वेगवेगळ्या घडणीची प्रथिने सापांच्या सीरममध्ये सापडली आहेत. अल्फा प्रकाराची घडण शर्करा ओळखणाऱ्या लेक्टिनांसारखी, गॅमा प्रकाराची तीन बोटे पुढे काढल्यासारखी, आणि बीटा प्रकारात ल्यूसिनच्या त्याच पुनरावृत्ती, नऊ वेळा. बीटा प्रकार प्रथम ग्लॉइडियस ब्रेविकॉडस या आशियाई पिट व्हायपरच्या सीरममध्ये नीट अभ्यासला गेला. तो ५० किलोडाल्टनच्या तीन घटकांचा मिळून बनतो, ‘गट दोन’ म्हणून वर्गीकृत आम्लारिधर्मी फॉस्फोलायपेजांना निवडून धरतो आणि मानवी एलआरजीशी त्याची मालिका सुमारे एकतृतीयांश जुळते.

येथे दुसरा निर्णयबिंदू आला. सापाच्या सीरमवर वेळ घालवावा का? प्रमुखांना हे विषयांतर वाटले. सहकाऱ्यांचा युक्तिवाद असा होता की सायटोक्रोम सीला धरणे हा या प्रथिनकुलाचा जुना गुण असेल, तर सापातले प्रथिनही त्याच कॉलमवर अडकले पाहिजे. आणि तसे घडले, तर मानवी सीरममध्ये दिसलेली जोडी हा प्रयोगाच्या परिस्थितीतून उपजलेला आभास असल्याची शंका बरीच मिटेल. एका सहयोगी गटाकडे साठवलेले पिट व्हायपरचे थोडे सीरम उपलब्ध होते. नवा प्राणी हाताळायचा नाही, असलेल्या सीरममधून एकदाच कॉलम चालवायचा, एवढ्यावर एकमत झाले. बीटा रोधक लाल कॉलमवर अडकला, लायसोझाइमच्या कॉलमवर अडकला नाही. मानवी एलआरजी आणि सापाचा बीटा रोधक हे दोघेही स्वतःच्याच शरीरातल्या, पेशीबाहेर आलेल्या सायटोक्रोम सीला बांधतात, असे २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामाशी हे सुसंगत होते.

मला या प्रकरणातला हा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. सापाच्या बाबतीत आपण विषापासूनचे संरक्षण एवढाच अर्थ लावून थांबतो. परंतु बीटा रोधकासारखी प्रथिने बिनविषारी सापांतही आढळतात, आणि त्यांचे मानवी नातलग विषाशी काडीचाही संबंध नसलेल्या शरीरात फिरत असतात. मृत पेशींतून सुटलेले सायटोक्रोम सी बाहेरून लिम्फोसाइटना मारू शकते आणि एलआरजी त्यापासून वाचवते, असे संवर्धनात दिसले आहे. त्यावरून पाहता, निसटलेले धोकादायक प्रथिन रक्तातच धरून ठेवणे हे या कुलाचे मूळ काम असावे आणि सापाने तेच हत्यार विषासाठीही वळवून घेतले असावे, हा तर्क मला पटतो, जरी तो अजून तर्कच आहे.

असा जोडीदारपणा या एकाच कुलात नाही. जपानच्या दक्षिणेकडील बेटांवरच्या हाबू सापाच्या सीरममध्ये लहान सीरम प्रथिने म्हणून ओळखला जाणारा एक गट आहे. त्यांतले एक प्रथिन त्याच सापाच्या विषातल्या ट्रिफ्लिन या, क्रिस्प (सिस्टीन-समृद्ध स्रावी प्रथिने) कुलातल्या प्रथिनाला बांधते. माणसात त्या लहान प्रथिनाचे नातलग, बीटा-मायक्रोसेमिनोप्रोटीन, वीर्यद्रवात क्रिस्प-३ ला बांधते, आणि रक्तात क्रिस्प-३ ला अल्फा-१-बी ग्लायकोप्रोटीन धरून ठेवते. क्रिस्प-३ सीरममध्ये मोजू पाहणाऱ्याने हीच शंका आधी मनात धरावी.

निष्पत्ती

संवर्धनासाठी गटाने सीरमविरहित माध्यमाचा अल्प कालावधी ठरवला आणि त्या काळात सीरमअभावी किती पेशी मरतात हे सोबतच्या नियंत्रण नमुन्यांत मोजले. रुग्ण-नमुन्यांसाठी एलायझाचा आकडा ‘एकूण सायटोक्रोम सी’ म्हणून देणे बंद झाले. त्याला ‘प्रतिपिंडाला दिसणारे’ असे म्हटले जाऊ लागले. एकूण प्रमाणासाठी जोड्या मोडून मग मोजण्याची, म्हणजे ब्लॉटची किंवा प्रथिन कापून त्याचे ठरावीक तुकडे वस्तुमान वर्णपटाने मोजण्याची पद्धत घेतली गेली. ब्लॉटची संवेदनक्षमता कमी पडते आणि वर्णपटाला वेळ व खर्च अधिक लागतो, त्यामुळे नमुन्यांची संख्या बरीच घटवावी लागली.

सर्वांत दूरगामी बदल निराळाच होता. एलआरजी दाहात वाढते. आतड्याच्या दाहक विकारांत ते आजाराची तीव्रता पाहण्यासाठी मोजलेही जाते. म्हणजे जो रुग्ण अधिक आजारी, त्याच्या सीरममध्ये धरणारे प्रथिन अधिक, आणि तेवढेच सायटोक्रोम सी असूनही एलायझाचा आकडा कमी. ही चूक सर्व नमुन्यांत सारखी नसते, ती आजाराबरोबर वाढत जाते आणि खऱ्या उत्तराच्या उलट दिशेने ओढते. म्हणून प्रत्येक नमुन्यात एलआरजीही मोजणे बंधनकारक करण्यात आले. आधी मोजलेल्या एका छोट्या संचाचे निष्कर्ष, ते प्रसिद्ध होण्यापूर्वीच, बाजूला ठेवले गेले.

वेगळे काय करता आले असते

मिसळून परत मोजण्याची चाचणी प्रत्यक्ष ज्या द्रवात मोजायचे आहे त्यात, पातळ न करता, पहिल्याच दिवशी व्हायला हवी होती. ती झाली असती तर हातकामाच्या तपासणीत गेलेले आठवडे वाचले असते. ब्लॉटचेही तसेच : एलायझा आणि ब्लॉट यांच्यातला विरोध दिसला की उत्तर जवळ येते, आणि हा प्रयोग कॉलमच्या तुलनेत अगदी स्वस्त आहे.

प्रमाण द्रावणांसाठी वापरलेले सायटोक्रोम सी घोड्याच्या हृदयातले होते, कारण ते सहज मिळते. मानवी सायटोक्रोमपेक्षा त्यात १२ जागी वेगळी अमिनो आम्ले आहेत. प्रतिपिंडांना हा फरक जाणवत नव्हता, पण स्वतःच्याच जातीच्या सायटोक्रोमला अधिक घट्ट धरू शकणाऱ्या प्रथिनाच्या बाबतीत तो दुर्लक्षण्याजोगा नाही. मानवी सीरमवरची सर्व मोजणी मानवी सायटोक्रोमने पुन्हा करावी लागली, आणि ती मूळ आराखड्यातच असायला हवी होती.

सापाच्या सीरमवरचा प्रयोग एकदाच करायचा हा निर्णय वेळेच्या दृष्टीने योग्य होता, पण त्यामुळे एक प्रश्न हाती येऊन निसटला. बीटा रोधक सायटोक्रोम सी आणि फॉस्फोलायपेज या दोघांना एकाच जागी धरतो की दोन वेगळ्या जागी? कॉलमवर सोडण्यापूर्वी सापाच्या सीरममध्ये आम्लारिधर्मी फॉस्फोलायपेज भरपूर मिसळून पाहिले असते, तर निदान दिशा कळली असती : जागा एकच असेल तर रोधक कॉलमवर अडकणार नाही, वेगळी असेल तर दोघेही सोबत अडकतील. उरलेले सीरम त्यासाठी गोठवून ठेवले आहे आणि पुढच्या टप्प्याच्या आराखड्यात हा प्रयोग, लायसोझाइमच्या कॉलमसह, पहिला लिहिलेला आहे.